अस्मानी किती, सुलतानी किती?

मराठींत ‘अस्मानी-सुलतानी’ असा एक जोडशब्द आहे. पीक बुडालें, गुरें मेलीं, गांव उठून गेलें, कीं आमचे वाडवडील हा एक शब्द उच्चारून निःश्वास टाकीत. आभाळाकडून येणारें संकट तें अस्मानी आणि राजसत्तेकडून येणारें तें सुलतानी. संस्कृत ग्रंथकारांनीं पिकांच्या ज्या सहा ‘ईति’ सांगितल्या आहेत त्यांतही अतिवृष्टि, अनावृष्टि, उंदीर, टोळ व पोपट यांच्या पंक्तीला सीमेवर येऊन ठेपलेला राजा बसविलेला आहे. संकटाला दोन बाजू असतात हें आपल्या लोकांना फार पूर्वींपासून ठाऊक होतें. मात्र एखाद्या विवक्षित संकटांत कोणाचा वांटा किती, याचा हिशेब फारसा कोणी मांडला नाहीं. दोन्ही शब्द एका दमांत उच्चारून लोक मोकळे झाले. नैसर्गिक आपत्तींचें शास्त्र म्हणून ज्याला आज ओळखतात, त्याचा आरंभ आमच्या मतें याच हिशेबापासून होतो. तो गेल्या कांहीं शतकांत कसकसा मांडला गेला, हें बीड जिल्ह्यांतील वडवणीच्या परिसराला धरून पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

अलीकडच्या काळांत तालुक्याचें ठिकाण झालेलें वडवणी हें गांव बीडहून परळीस जाणाऱ्या रस्त्यावर आहे. बालाघाटच्या रांगा उतरत उतरत जेथें गोदावरीच्या खोऱ्याकडे झुकतात, तेथला हा मुलूख. १९४८ पर्यंत तो निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. मुंबई इलाख्यांतील दुष्काळांवर जितकें लिहिलें गेलें तितकें इकडच्या दुष्काळांवर लिहिलें गेलें नाहीं; पण ढगांना इलाख्याची सीमा ठाऊक नसते, आणि भुकेलाही नसते.

प्रथम आभाळाचा वांटा पाहूं. नैऋत्येकडून येणारे मोसमी वारे सह्याद्रीवर चढतांना आपलें बहुतेक ओझें तेथेंच टाकतात. महाबळेश्वरास वर्षाकाठीं साडेपांच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. बीड जिल्ह्याची सरासरी साडेसहाशें-सातशेंच्या घरांत आहे. शिवाय सरासरी हा शब्द फसवा आहे. मृगांत एक सर येते, पेरण्या होतात, मग चार-चार आठवडे आभाळ कोरडें राहतें, आणि भाद्रपदांत बंगालच्या उपसागरावरून एखादें वादळी क्षेत्र आलें तर दोन दिवसांत महिन्याचें पाणी पडून जातें. वर्षाअखेर बेरीज बरोबर भरते, पण शेत हातचें गेलेलें असतें.

जमिनीचाही यांत वांटा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं भूगर्भांतून वाहून आलेल्या लाव्ह्याचे थर एकावर एक बसून हें दख्खनचें पठार बनलें. त्यांतला घट्ट काळा पाषाण पाणी धरीत नाहीं. पाणी राहतें तें वरच्या मुरमांत, खडकाच्या चिरांत व विहीर खणणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात त्या सच्छिद्र, ठिसूळ थरांत. ही सांठवण थोडी असते. एक वर्ष पाऊस हुकला तर विहिरीचा तळ दिसतो; लागोपाठ दोन वर्षें हुकला तर गांव हलतें. येथवर कोणा राजाचा अपराध नाहीं. हें सारें निसर्गाचें दान आहे आणि तें घेऊनच येथें संसार थाटावयाचा आहे.

आतां इतिहासाकडे वळूं. चौदाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेला व परंपरेप्रमाणें बारा वर्षें चाललेला दुर्गादेवीचा दुष्काळ दख्खनच्या स्मृतींत कोरला गेला. पंधराव्या शतकांतील मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा तर घरोघरीं माहीत आहे. तींतला चमत्कार घटकाभर बाजूस ठेवून वाचकांनीं तिची मांडणी तेवढी पाहावी. लोक उपाशी मरत आहेत आणि त्याच वेळीं बिदरच्या बादशहाचीं कोठारें धान्यानें भरलेलीं आहेत. आभाळ रुसलें तरी धान्य मुळींच नव्हतें असें नाहीं. तें कुलपांत होतें, आणि कुलूप उघडणारा अधिकारी राजद्रोही ठरत होता. शास्त्रज्ञ आज जो भेद ‘अवर्षण’ व ‘दुष्काळ’ या दोन शब्दांनीं दाखवितात, तो या कथेंत आधींच आलेला आहे.

तोच भेद १६३० च्या दुष्काळांत अधिक भयंकर रीतीनें दिसतो. त्या सुमारास गुजराथ व दख्खन येथें लागोपाठ पावसानें दगा दिला. शहाजहान बादशहाचा दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी यानें त्या वर्षांचें जें वर्णन लिहून ठेवलें आहे तें वाचवत नाहीं. देहूस तुकोबांची पहिली पत्नी याच काळांत अन्नावांचून गेली. मात्र त्याच वेळीं बालाघाटांत काय चाललें होतें, हें सहसा सांगितलें जात नाहीं. खानजहान लोदी या बंडखोर सरदाराच्या पाठलागावर आलेल्या मोगल फौजा बीडच्या आसपास फिरत होत्या. १६३१ च्या आरंभीं आजमखानानें निजामशाहीचा धारूर किल्ला घेतला. हा किल्ला वडवणीपासून एका दिवसाच्या वाटेवर आहे. पुढें परांड्यास वेढा घालून बसलेल्या याच आजमखानाला आसपास कोसच्या कोस घोड्यांस गवताची काडी मिळेना म्हणून वेढा उठवून धारुरास परतावें लागलें. हजारों घोडे बाळगणाऱ्या सेनापतीची जर ही दशा, तर ज्या गांवांच्या गंजी आणि पेवें त्या घोड्यांनीं व स्वारांनीं आधींच रिकामीं केलीं होतीं त्यांची काय असेल? बुऱ्हाणपुरास तळ देऊन बसलेल्या बादशहानें लंगरखाने उघडले, दर सोमवारीं ५,००० रुपये याप्रमाणें वीस आठवड्यांत १ लाख रुपये वांटले, साऱ्यांतही सूट दिली. त्याच्या दयेविषयीं आम्ही शंका घेत नाहीं. पण ज्या हातानें ती भीक दिली त्याच हाताखालच्या फौजा मुलूख तुडवीत होत्या, हें विसरून चालणार नाहीं. ‘अस्मानी-सुलतानी’ हा शब्द अशाच वर्षांनीं घडविला असला पाहिजे.

याच्या उलट उदाहरणही याच जिल्ह्यांत आहे. बीड शहराजवळची खजाना विहीर सोळाव्या शतकांत, निजामशाहीच्या अमलांत, जहागीरदार सलाबतखान याच्या सांगण्यावरून राजा भास्कर यानें बांधली. तिच्यांत दोन भुयारी वाटांनीं पाणी येतें आणि तिसऱ्या वाटेनें उताराच्या बळावर शेतांकडे जातें. मोट नाहीं कीं पंप नाहीं. मोठमोठ्या दुष्काळांतही ती आटली नाहीं असा तिचा लौकिक आहे. खडकांतलें पाणी कोठें वाहतें हें ओळखून, जमिनीचा उतार मोजून, कोणीतरी ती जागा निवडली. म्हणजे सुलतानी ही नेहमीं संकटाच्याच बाजूची असते असें नाहीं; ती ज्ञानाच्या बाजूसही उभी राहूं शकते.

तथापि एका विहिरीचें ज्ञान तिच्या शेतांपुरतेंच राहतें. देशव्यापी मोजणी सुरू झाली ती एकोणिसाव्या शतकांत, आणि तिचें मोल फार द्यावें लागलें. १८७६ सालीं मुंबई, मद्रास, म्हैसूर व हैदराबाद या सर्व भागांत पाऊस बुडाला. पुढच्या दोन वर्षांत मेलेल्यांचा अंदाज पन्नास लाखांच्या वर जातो. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या मजुराला दिवसाला एक पौंड धान्य व एक आणा पुरे, असा हिशेब सर रिचर्ड टेंपल यांनीं मांडला. पुण्याच्या सार्वजनिक सभेनें ठिकठिकाणच्या माणसांकडून माहिती मागवून, ती तपासून, सरकारकडे पत्रांवर पत्रें पाठविलीं. इतक्या अन्नावर कष्ट करणारें शरीर टिकत नाहीं, हें आंकड्यांनिशीं सांगण्याचा तो प्रयत्न होता. दख्खनांतील मजुरांनीं त्या मजुरीवर काम नाकारलें, तेव्हां सभा त्यांच्या पाठीशीं उभी राहिली. आणि याच वर्षांत हिंदुस्थानच्या बंदरांतून इंग्लंडास गहू रवाना होत होता. दामाजीपंतांच्या कथेंतलें कुलूप येथें बाजारभावाच्या रूपानें पुनः भेटतें.

या संहारांतून दोन गोष्टी निघाल्या. पहिली, सर रिचर्ड स्ट्रॅची यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाचा १८८० चा अहवाल व त्यावरून तयार झालेली दुष्काळ-संहिता. धान्याचे भाव चढूं लागले, लोक परगांवीं निघाले, गुरें विकूं लागले, तर हीं संकटाचीं पूर्वचिन्हें समजून कामें केव्हां काढावीं, कोणास फुकट अन्न द्यावें, हें तींत लिहिलें गेलें. संहिता परिपूर्ण नव्हती, आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत तिची अपूर्णता दिसली. पण संकटाचीं लक्षणें वैद्यकाप्रमाणें आगाऊ टिपावीं हा विचार प्रथमच शासनाच्या पुस्तकांत आला.

दुसरी गोष्ट वेधशाळेची. १८७५ मध्यें स्थापन झालेल्या हवामानखात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांना दुष्काळानंतर विचारण्यांत आलें कीं, पाऊस येणार कीं नाहीं हें आगाऊ सांगतां येईल काय? हिमालयावर बर्फ जास्त पडलें तर मोसमी पाऊस कमी पडतो, या संबंधावरून त्यांनीं १८८६ पासून अंदाज देण्यास आरंभ केला. १९०४ मध्यें या खात्याचे प्रमुख झालेले गिल्बर्ट वॉकर हे गणिती होते. जगभरच्या नोंदी पडताळून त्यांनीं दाखविलें कीं, प्रशांत महासागराच्या व हिंदी महासागराच्या बाजूंस हवेचा दाब तराजूच्या पारड्यांप्रमाणें वरखालीं होतो. पुढें कळलें कीं, प्रशांत महासागराचें विषुववृत्ताजवळचें पाणी नेहमींपेक्षां तापलें कीं हें पारडें कलतें आणि आपला पाऊस बहुधा अडखळतो. यालाच एल निनो म्हणतात. १८७७, १८९९, १९७२ आणि २०१५ हीं सर्व त्याचींच वर्षें. १९२८ मध्यें या खात्याची कचेरी सिमल्याहून पुण्यास आली, आणि शिवाजीनगरांतील त्या इमारतीला पुणेकर ‘सिमला ऑफिस’ म्हणूं लागले. वडवणीचा शेतकरी ज्या आभाळाकडे पाहून कपाळावर हात मारतो, त्याचें एक मूळ पेरूच्या किनाऱ्यापुढच्या समुद्रांत आहे हें ज्ञान मोठें खरेंच. पण अंदाज कळल्यानें धान्य येत नाहीं. त्यासाठीं संहिता लागते, आणि ती अमलांत आणणारें शासन लागतें.

तें १९७२ सालीं दिसलें. महाराष्ट्रांत, विशेषतः मराठवाड्यांत, सतत तिसऱ्या वर्षीं पिकें गेलीं. अस्मानी वांट्यापुरतें बोलावयाचें तर हा दुष्काळ जुन्या दुष्काळांहून सौम्य नव्हता. परंतु १९७३ च्या उन्हाळ्यांत दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या पन्नास लाखांच्या घरांत गेली. रस्ते, पाझर तलाव, नाल्यांचे बांध यांवर बायका-पुरुष राबले. मुलांना सुकडी मिळाली. अमेरिकेहून आलेली तांबडी मिलो ज्वारी लोकांनीं नाक मुरडीत कां होईना खाल्ली. हाल अतोनात झाले, गुरें गेलीं, संसार मोडले. पण १८७७ प्रमाणें माणसें लाखांनीं मेलीं नाहींत. वि. स. पागे यांनीं पुरस्कारलेल्या रोजगार हमी योजनेचा पुढें १९७७ मध्यें कायदा झाला. काम हें भीक म्हणून न देतां हक्क म्हणून द्यावें, हें तत्त्व बुऱ्हाणपूरच्या लंगरापासून फार दूरचें आहे. पाऊस तितकाच हुकला असतां मृत्यु इतके कमी झाले, तर पूर्वींच्या मृत्यूंत आभाळाचा वांटा किती होता, याचें उत्तर या एका तुलनेंत मिळतें.

कोणी म्हणेल, दुष्काळाचें ठीक आहे. तो पावलापावलानें येतो. भूकंपाचें काय? ३० सप्टेंबर १९९३ रोजीं, गणेशविसर्जनानंतरच्या पहाटे, ३ वाजून ५६ मिनिटांनीं किल्लारीची भूमि हादरली. शंभर-सव्वाशें किलोमीटरांवरच्या वडवणीच्या मुलखालाही निसर्गाची ही दुसरी बाजू त्या पहाटे कळली. सुमारे आठ हजार माणसें गेलीं. धक्क्याचें मान ६.२ च्या आसपास होतें. जगांतील मोठ्या भूकंपांत त्याची गणना होत नाहीं. मग इतका संहार कां? दख्खनचा खडक स्थिर आहे असें मानून देशाच्या भूकंप-नकाशांत हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या वर्गांत घातलेला होता. कोयनेच्या ११ डिसेंबर १९६७ च्या धक्क्यानें खरें तर त्या समजुतीला तडा गेला होता. तेथें तर धरणांत अडविलेलें पाणीच भूगर्भांतील जुन्या भेगांना चाळविण्यास कारण झालें असें बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात, म्हणजे पाताळांतल्या संकटांतही माणसाचा हात पोंचला. किल्लारीच्या परिसरांत १९९२ पासून लहान धक्के जाणवत होते, तरी घरें होतीं तशींच राहिलीं.

तीं घरें कशीं होतीं? दोन-तीन फूट जाडीच्या, ओबडधोबड दगड मातींत बसवून रचलेल्या भिंती, आणि वर माळवदाचा मातीचा जड थर. उन्हाळ्यांत गार व हिंवाळ्यांत ऊबदार असें हें घर आपल्या पूर्वजांनीं हवामान ओळखून बांधलें. पण भिंतीच्या आंतल्या व बाहेरच्या अंगांना धरून ठेवणारा आरपार दगड तींत नव्हता, कोपरे सांधलेले नव्हते. हादरा बसतांच दोन्ही अंगें फुटून वेगळीं झालीं आणि मातीचें छत निजलेल्या माणसांवर आलें. याच गांवांत कित्येक ठिकाणीं लाकडी खांब-तुळयांच्या खणांचा सांगाडा भिंती पडल्यावरही उभा राहिला. उपाय असा त्या ढिगाऱ्यांतच दिसत होता: आरपार दगड, कोपऱ्यांचे सांधे, दारांच्या वर घरभर फिरणारा काँक्रिटचा पट्टा, हलकें छत. पुढें ५२ गांवें नव्या जागीं वसविलीं गेलीं, २००२ मध्यें भूकंप-नकाशांतून तो सर्वांत निर्धास्त वर्गच काढून टाकण्यांत आला, आणि २००५ मध्यें देशांत आपत्ति-व्यवस्थापनाचा कायदा झाला. भूकंप केव्हां होणार हें आजही कोणा शास्त्रज्ञाला सांगतां येत नाहीं. भिंत कशी बांधावी हें मात्र सांगतां येतें, आणि माणूस भिंतीखालीं मरतो.

आतां आजच्या वडवणीकडे येऊं. उपळीजवळ कुंडलिकेवर धरण झालें, माजलगांवास सिंदफणेवर मोठें धरण झालें, गांवोगांव विंधनविहिरी झाल्या. तरीही मराठवाड्यांत आज एक वाक्य सर्रास ऐकूं येतें: बाहत्तर सालीं पाणी होतें पण धान्य नव्हतें, आतां धान्य आहे पण पाणी नाहीं. २०१६ च्या उन्हाळ्यांत मिरजेहून लातुरास आगगाडीनें पाणी न्यावें लागलें, आणि बीड जिल्ह्यांत गुरांच्या छावण्या पडल्या. त्या वर्षीं पाऊस हुकला होता हें खरें. पण मुरूम आणि मांजऱ्या ओलांडून दोनशें-तीनशें फूट खालचें, कित्येक वर्षांचें मुरलेलें पाणी आपण उपसून उसाला दिलें, हा वांटा कोणाच्या नांवें लिहावयाचा? निजामाच्या काळीं सुलतान दूर हैदराबादेस होता. आज विंधनविहिरीची कळ दाबणारा, ग्रामसभेंत हात वर करणारा आणि मत देणारा प्रत्येक जण त्या सुलतानीचा भागीदार आहे. सारा दोष आभाळाला देणें जितकें सोपें, तितकेंच सारा दोष सरकारला देणेंही सोपें आहे. दोहोंनींही हिशेब टळतो.

मोजणीचें महत्त्व आज पूर्वींहून वाढलें आहे. पूर्वीं पिकाची आणेवारी नजरेनें ठरे. पुढें ती पैसेवारी झाली, आणि पन्नास पैशांच्या आंत आली तरच दुष्काळ. २०१६ नंतर पाऊस, जमिनींतील ओल, उपग्रहावरून दिसणारी हिरवळ अशीं शास्त्रीय लक्षणें त्यासाठीं धरण्यांत येऊं लागलीं. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरांहून अधिक पाऊस झाला तर ती अतिवृष्टि, आणि तो मोजला जातो महसूल मंडळाच्या यंत्रावर. आमच्याकडचा पाऊस बांधाच्या एका बाजूस पडतो व दुसऱ्या बाजूस पडत नाहीं, हें कोणीही शेतकरी सांगेल. २०२५ च्या सप्टेंबरांत बीड व धाराशिव या भागांत अतिवृष्टीनें शेतें खरडून नेलीं, तेव्हां यंत्र कोठें आहे व तें चालूं आहे कीं नाहीं, हा प्रश्न घराघराच्या पोटाचा झाला. शाळेच्या अंगणांत एक साधें पर्जन्यमापक ठेवून मुलांकडून रोजची नोंद लिहवून घेणें, विहिरीची पातळी दर महिन्याला मोजून चावडीवर लावणें, यांस फारसा खर्च नाहीं; पण अशा नोंदींच्या आधारें गांव सरकारशीं बोलूं शकतें, जशी सार्वजनिक सभा बोलली.

वीज पडून दर वर्षीं मराठवाड्यांत माणसें व गुरें दगावतात, तेंही अस्मानीच्या खात्यांत जातें. पण पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनें उभारलेलें यंत्रांचें जाळें व ‘दामिनी’ ही भ्रमणध्वनीवरील सूचना आज आगाऊ इशारा देते. ती जवळ नसेल तर लखलखाट व गडगडाट यांमध्यें तीसपर्यंत आंकडे मोजून होत नाहींत तोंच झाड सोडून पक्क्या घराकडे निघावें, एवढा नियम पाठ असला तरी पुष्कळ जीव वांचतील.

शेवटीं एका वर्गाचा उल्लेख केल्याशिवाय हा हिशेब पुरा होत नाहीं. दसरा-दिवाळीनंतर वडवणी, धारूर, केज या भागांतील हजारों जोडपीं मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीस परमुलखांत जातात. कारखान्याच्या भाषेंत अशा एका जोडप्याला ‘एक कोयता’ म्हणतात. ज्या माणसांना कोरडवाहू शेतानें वर्षभर पोसलें नाहीं, तींच पाण्याच्या मुलखांत पाचटाच्या कोपींत राहतात. गांवीं पक्कें घर बांधलें गेलें, भिंतींत काँक्रिटचा पट्टा आला, शाळेंत पर्जन्यमापक बसलें, तरी अवकाळी वादळाच्या रात्रीं त्यांच्या डोक्यावर पाचटच असतें, आणि इशारा जातो तो त्यांच्या रिकाम्या गांवाकडे. आपत्तीच्या योजनेंत या कोपीची नोंद कोठें करावी, गांवच्या कागदांत कीं कारखान्याच्या, हें अद्याप नीट ठरलेलें नाहीं. तें ठरविण्यास ना वेधशाळा लागते ना आयोग. येत्या हंगामाच्या आरंभीं, गाड्या निघण्यापूर्वीं, तें ठरवितां येण्यासारखें आहे.